मागच्या सीटवरची ऊब

माझं तोंड फटकळ आहे, हे मी लग्न ठरतानाच सांगून टाकलं होतं. मागाहून कुणी म्हणायला नको, की फसवलं. असलं तोंड घेऊन मी शिवणकामाच्या धंद्यात कशी टिकले, देव जाणे. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून म्हणतं, "पँट धुऊन आटली वाटतं." मी गळ्यातली टेप काढते आणि सांगते, "कापड आहे तेवढंच आहे, तुम्ही सुटलाय." लोक रागावतात, चार दिवस दुसरीकडे जातात आणि परत येतात. कारण मी "छान" म्हटलं की ते खरंच छान असतं. आमच्या गल्लीत माझ्या "छान"ला वजन होतं. होतं म्हणतेय मी, आहे म्हणत नाही.

दुकान एकच, पण धंदे दोन. पुढे काचेजवळ माझं मशीन आणि इस्त्रीचं टेबल, मागे पडद्याआड आमच्या ह्यांचं बाकडं. हे कॉइल भरतात. जळलेले पंखे, पाण्याचे पंप, ड्रिल मशिनी, सगळ्यांची जुनी तांब्याची तार उकलायची आणि नवी भरायची. हात इतका बसलेला, की गप्पा मारतामारता वेढे घालतील आणि एक चुकणार नाही. पण हल्ली पंखा जळला की लोक नवा आणतात. ह्या हिवाळ्यात तर बाकडं रिकामंच पडलं. हे दिवसदिवस वार्निशचा ब्रश धुवत बसायचे. कामाच्या माणसाला रिकामं बसलेलं बघणं फार वाईट. तो तक्रार करत नाही, नुसता दर थोड्या वेळाने पडदा सारून विचारतो, "चहा टाकतेस का?"

अशात ह्यांच्या डोक्यात ते गरम जॅकेट शिरलं. मोटरसायकलच्या बॅटरीवर चालणारं. अस्तरात बारीक तारा, वायर गाडीला जोडायची, बटण फिरवायचं की अंग गरम. आम्ही दर आठवड्याला नदीपलीकडच्या घाऊक बाजारात जातो, मला अस्तर आणि दोरे, ह्यांना तार. नदीकाठचा रस्ता लांबलचक, धुकं असं की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसतो. पोचेपर्यंत हाताची बोटं आपली आहेत का शेजाऱ्याची, ते कळत नाही. त्यामुळे कल्पना मला पटली. हे शोरूममध्ये चौकशीला गेले. तिथल्या मेकॅनिकने गाडी बघितली आणि म्हणाला, "काका, हिच्यावर एक जॅकेट चालेल. दोन नाही चालायची. गाडी तेवढी वीजच बनवत नाही." आणि कुणीतरी मागून हसलं.

झालं. नाकाला मिरच्या झोंबल्या. "मला वीज शिकवतो. माझं आयुष्य गेलं तारेत," असं बडबडत हे घरी आले. त्याच दिवशी इंजिनाचं झाकण उघडून मॅग्नेटची कॉइल बाहेर काढली. इंजिन फिरलं की वीज बनवते, बॅटरी भरते, ती ही कॉइल. ती ह्यांनी पुरती उकलली आणि जाड तारेने नव्याने भरली. एकदा नाही, तीन वेळा. पडद्याआडून पुन्हा वार्निशचा वास यायला लागला, शीळ ऐकू यायला लागली. चहाचं नाव निघेना.

जॅकेटं मी शिवली. गरम होणारी तार अस्तरात शिवणं हे वाटतं तेवढं सोपं नाही. पाठीवर, छातीवर आणि कॉलरमध्ये बारीक नाळ्या शिवून त्यातून तार ओवायची. तारेवर तार चढली तर तिथे चटका बसतो, कोपराच्या घडीतून नेली तर तुटते. बाहीच्या टोकाला हातमोजे जोडायचा सॉकेट. ह्यांचं फिरवायचं बटण टाकीजवळ, माझं कमरेच्या पट्ट्यावर, दोन्हींना लाल दिवा. वरून वारा आत येऊ नये म्हणून जाड कोट. आतून मात्र एकच पातळ शर्ट, असा ह्यांचा हुकूम, कारण मध्ये स्वेटर आला की ऊब अंगापर्यंत पोचत नाही म्हणे. मी ऐकलं. दुकानाच्या मागच्या अंगणात गाडी उभी करून, इंजिन खच्चून रेस करून आम्ही दोघांनी ती घालून बघितली. दोघंही मस्त गरम. हे एवढे खूश मी वर्षात बघितले नव्हते.

पहिल्या फेरीला निघालो. मोठ्या रस्त्यावर गाडी पळत होती तोवर माझी पाठ कोमट होती. नदीकाठाला लागलो, धुकं आलं, हेडलाइट लावला, वेग कमी झाला. तसा पुढचा उजेड पिवळा पडत गेला. इंजिन अडखळायला लागलं. ह्यांचे खांदे कसे ताठ झाले ते मला मागून दिसलं. त्या खांद्यांना मी ओळखते. त्यात शोरूम होतं, तो मेकॅनिक होता, मागून हसणारा होता. मी कमरेवरचं बटण फिरवून बंद केलं. उजेड पांढरा झाला, इंजिन सुरळीत झालं, खांदे खाली आले. हे वाऱ्यातून ओरडले, "ऊब येतेय ना?"

"मस्त!" मी ओरडले.

बास, एवढंच. एका शब्दाने काय बिघडतं, असं वाटलं. नंतर दर आठवड्याला तेच. धुकं आलं की मी बटण बंद करायची आणि पातळ शर्टावर काकडत बसायची. दात वाजू नयेत म्हणून ओढणी तोंडात धरायची. ह्यांच्या गरम पाठीला चिकटून बसायची तेवढाच आधार. ह्यांना वाटायचं, बायकोला म्हातारपणी प्रेमाचं भरतं आलंय. त्यांनी तसं शेजाऱ्यांना सांगितलंसुद्धा. शोरूममध्ये तर जाऊन आले, "दोन चालतात, माझ्या बायकोला विचारा" म्हणून. आणि लोक विचारायला यायचे. मी मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "छान आहे." माझ्या "छान"वर कोण शंका घेणार?

आता माझ्या नणंदेचं सांगते. ह्यांची धाकटी बहीण, छकू. चाळिशी उलटली तरी घरात छकूच. गेल्या वर्षी तिच्या किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा नदीपलीकडच्या हॉस्पिटलात डायलिसिस. तिथे मशीन रक्त बाहेर काढून, धुऊन परत आत सोडतं, आणि त्यानंतर माणसाला अशी थंडी भरते की विचारू नका. बसमध्ये तिला मळमळतं, दोन बस बदलाव्या लागतात. म्हणून दाजी, म्हणजे तिचा नवरा, चष्म्याचं दुकान दुपारीच बंद करून तिला मोटरसायकलवरून न्यायचे आणि आणायचे. येताना संध्याकाळ, धुकं आणि पुलावर गाड्यांची रांग.

एका संध्याकाळी घरी जाईपर्यंत दम निघेना म्हणून दोघं आमच्या दुकानात थांबले. छकू माझ्या इस्त्रीच्या टेबलाला चिकटून बसली. ओठ निळे. हातांना इतका कंप की कप धरवेना. हे पडद्याबाहेर आले, बहिणीकडे बघितलं आणि म्हणाले, "दाजी, गाडी उद्या माझ्याकडे आणा. मी कॉइल भरतो. छकूला जॅकेट, तुम्हाला जॅकेट. पुढे बसणाऱ्याचे हात गारठले तर ब्रेक कोण मारणार?"

दाजी भिडस्त माणूस. म्हणाले, "दोन चालतील का पण? पेशंट आहे हो, अर्ध्या वाटेत गाडी बंद पडली तर..."

"हिला विचारा," हे म्हणाले. "अख्खा हिवाळा मागे बसतेय."

छकूने माझ्याकडे बघितलं. "वहिनी, तू सांग. तू बरं वाटावं म्हणून बोलत नाहीस. खरंच ऊब येते?"

तेव्हा सांगायचं होतं. एक वाक्य. दुकानात आम्ही चौघंच होतो, सगळी घरचीच माणसं. पण हे दाराशी उभे होते, हातात पक्कड घेऊन, चेहऱ्यावर तो वर्षभरात न बघितलेला उत्साह. माझ्या हातात इस्त्री होती. मी म्हणाले, "पाठीवरून इस्त्री फिरवल्यासारखं वाटतं." नुसतं खोटं बोलून भागलं नाही, वर त्याला झालर लावली.

छकूचे डोळे भरून आले. म्हणाली, "मला फक्त तेवढंच पाहिजे गं."

मी मनाची समजूत घातली. ह्या खेपेला हे काहीतरी जास्त चांगलं करतील, पेशंटसाठी करतायत म्हटल्यावर. आणि त्यांनी केलंही. दाजींच्या गाडीत एक कटआउट बसवला. बॅटरी उतरायला लागली की मागच्या जॅकेटची वीज आपोआप तुटणार, म्हणजे हेडलाइट मंद व्हायचा नाही आणि इंजिन अडखळायचं नाही. बॅटरी सावरली की पुन्हा जोडणार. "काम पडायचं नाही त्याचं, पण आपली सावधगिरी," असं ते दाजींना समजावत होते. मी ते ऐकत होते आणि छकूचं जॅकेट शिवत होते. त्या जॅकेटात मी जीव ओतला, हे खोटं नाही. तिच्या ज्या हाताला सुया टोचतात त्या बाहीला खांद्यापासून मनगटापर्यंत चेन लावली, म्हणजे हात दाबला जायला नको. कॉलरला मऊ कापड घातलं. टाके कुठे वाकडे नव्हते. वाकडं काय ते मी बोलून बसले होते.

अंगणात इंजिन रेस करून छकूने घालून बघितलं, तेव्हा ते छान गरम झालं. ती हसली. दाजींचा जीव भांड्यात पडला.

पहिल्या आठवड्यानंतर मी तिला विचारलं, "कसं आहे गं जॅकेट?" माझा आवाज मलाच लटका वाटला.

"छान आहे," ती म्हणाली. मग बाहीची चेन वरखाली करत म्हणाली, "पाठीवरून इस्त्री फिरवल्यासारखं."

माझेच शब्द, एकही इकडेतिकडे नाही. ज्याला खरोखर ऊब आली असती त्याने स्वतःचे शब्द शोधले असते. मला कळलं. नाही कळलं, असं मी म्हणणार नाही. पण पुढे काय विचारायचं? विचारलं असतं तर माझंच भांडं फुटलं असतं. मी तिला म्हणाले, "आणखी एक मफलर घेत जा," आणि कापड कापायला घेतलं. त्या दिवशी मी एका कोटाची डावी बाही दोनदा कापली.

नंतर ती गप्प गप्प व्हायला लागली. आधीच बारीक, आता जेवणावरचं मनही उडालं. हे म्हणायचे, "थंडीचा प्रश्न मिटला, आता तरी अंग धरू दे." मी हो ला हो करायची.

मग एका सकाळी दाजी एकटेच दुकानात आले. शटर अर्धं खाली ओढलं आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. हे बाजारात गेले होते. दाजींचा स्वतःचा चष्मा धुक्याने भरला होता, तो पुसायचंही त्यांच्या लक्षात नव्हतं.

"वहिनी, ती येत नाही म्हणते."

"कुठे?"

"हॉस्पिटलात. परवा गेली नाही. काल म्हणाली, बरं वाटत नाही. आज सरळ सांगितलं, आता नाही जायचं, बास झालं. डॉक्टर म्हणतात, असे आणखी थोडे दिवस गेले तर..." त्यांनी टेबलावरचा माझा खडू उचलून परत ठेवला. "कारण विचारलं तर भिंतीकडे तोंड करते. तुमचं ऐकते ती. तुम्ही चार शब्द सुनवा. तुमच्या पद्धतीने."

मी हातातलं काम तसंच टाकून, खुंटीवरचं माझं जॅकेट आणि कोट अंगात चढवून, दुकानाला कुलूप लावून त्यांच्याबरोबर निघाले. वाटेत मनाशी वाक्यं जुळवत होते. नवऱ्याचा विचार कर, असं कसं मन खचू देतेस, वगैरे. माझ्या तोंडाची मला फार खात्री होती.

छकूच्या खोलीत पडदे ओढलेले होते. ती पांघरुणात, पोटाशी गरम पाण्याची पिशवी. पाय सुजलेले. जॅकेट खुर्चीच्या पाठीवर नीट घडी करून ठेवलेलं. मी दाजींना चहा करायला पाठवलं आणि तिच्या उशाशी बसले. "काय गं, नखरे?" मी म्हणाले. "तो माणूस दुकान बंद करून हातापाया पडतोय तुझ्या."

तिने गरम पाण्याची पिशवी पोटाशी घट्ट धरली. मग म्हणाली, "कुणाला सांगणार नाहीस?"

"नाही."

"वहिनी, मला त्या जॅकेटाची ऊब येत नाही."

मी तिच्या पांघरुणाची कड सारखी केली.

"जाताना थोडी येते. येताना अजिबात नाही. मी खाली बघते, दिवा लाल असतो. म्हणजे चालू आहे. सगळी वीज माझ्या अंगावर खेळतेय आणि मला काही लागत नाही. पहिल्यांदा वाटलं, वायर सैल असेल. घरी आल्यावर ह्यांनी इंजिन रेस करून बघितलं तर बरोबर गरम होत होतं. जॅकेट चांगलंच आहे. तुला ऊब येते. म्हणजे माझ्यातच काहीतरी संपलंय." ती अगदी शांतपणे बोलत होती, हिशेब पटलेल्या माणसासारखी. "आई गेली तेव्हा आठवतं? शेवटच्या आठवड्यात तिच्यावर आपण तीन रजया घातल्या होत्या. पाय गारच. तू तळवे चोळत होतीस. आत धग नसली की बाहेरून कितीही घाला. मला कळायला लागलंय गं. मग त्या सुया कशासाठी टोचून घ्यायच्या? ह्यांनी दुकान कशासाठी बंद ठेवायचं?"

"छकू..."

"मी रोज झोपताना स्वतःचे पाय चाचपून बघते," ती म्हणाली. "दादाला सांगू नकोस. त्याला किती आनंद झाला होता. ह्यांना मी तुझंच वाक्य सांगायची, इस्त्रीचं. मला वाटलं, धडधाकट माणसाला तसं वाटत असणार."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला तिच्या उशाशी बसून कळलं. आयुष्यभर लोकांच्या ढेऱ्या, वाकडे खांदे, आखूड माना तोंडावर सांगत आले, आणि आता एवढंसं वाक्य ओठांबाहेर पडेना. तिच्याकडे बघून बोलणं शक्य नव्हतं. मी खुर्चीवरच्या जॅकेटकडे बघून बोलले.

"मलाही येत नाही."

"काय?"

"ऊब. मला पण येत नाही. धुक्यात कधीच आली नाही. दोन जॅकेटांना वीज पुरत नाही छकू. गाडी हळू झाली, दिवा लागला, की संपलं. मी पहिल्या दिवसापासून माझं बटण बंद करून बसतेय. तुझ्या गाडीत तो कटआउट आपोआप बंद करतो. दिवा लाल राहतो, कारण दिवा कटआउटच्या आधी जोडलाय. तुझ्या अंगात काही संपलेलं नाही. मी खोटं बोलले."

"पण इस्त्री?"

"ते मी रचलं."

तिने माझ्याकडे बघितलं. ती चिडली असती, ओरडली असती तर मी ऐकून घेतलं असतं. ती फक्त बघत राहिली, आपल्यासमोर हे कोण बसलंय ते ओळखायचा प्रयत्न करत असल्यासारखी. मग तिने पांघरूण बाजूला केलं आणि स्वतःचा तळपाय हातात धरला. जरा वेळ तसाच धरून ठेवला. आणि रडायला लागली. मी हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला.

"मी मरायची तयारी करत होते, वहिनी," ती म्हणाली. "कपाटसुद्धा आवरलं."

मी खुर्चीवरच्या जॅकेटची घडी उगीच मोडली आणि पुन्हा घातली.

दाजी चहा घेऊन दारात आले होते. त्यांनी किती ऐकलं माहीत नाही. छकूने डोळे पुसले आणि त्यांना म्हणाली, "हॉस्पिटलला फोन करा. आज जागा देतील का विचारा." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादाला बोलव. तू सांग त्याला. इथे, माझ्यासमोर."

हे आले ते बाजारातून थेट, खांद्यावर तारेचं रीळ घेऊनच. त्यांना वाटलं, बहिणीचं काही बरंवाईट झालं. ती पलंगावर उठून बसलेली बघून सुटल्यासारखे झाले, आणि मग मी बोलायला लागले. सगळं बोलले, नदीकाठच्या पहिल्या "मस्त"पासून.

आधी ते हसले. "भलतंच काहीतरी. जाड तार भरलीय मी. दोन सहज ओढते." मग चिडले. "तुझी वायर निसटत असेल, तू कधी नीट लावतेस का?" मग त्यांनी सगळ्यांना खाली अंगणात नेलं. छकूसुद्धा शाल गुंडाळून आली. त्यांनी आमची गाडी चालू केली, हेडलाइट लावला आणि इंजिन रेस न करता संथ चालू ठेवलं, पुलावरच्या रांगेत असतं तसं. आमची दोन्ही जॅकेटं जोडून बटणं पूर्ण फिरवली. उजेड पिवळा पडत गेला. इंजिन धापा टाकायला लागलं. ते ह्यांनी बघितलं, पण मानलं नाही. "आत ऊब असेल," म्हणाले. माझा वरचा कोट उघडला आणि जॅकेटच्या आत, पाठीवर हात घातला.

हात तिथेच राहिला. इंजिन धापा टाकत शेवटी बंद पडलं तरी त्यांनी तो काढला नाही. ह्या हाताने आयुष्यभर मोटारी चाचपल्या, कुठली किती तापलीय ते सांगितलं.

"हिवाळाभर?" त्यांनी विचारलं.

"हो."

"पातळ शर्टावर?"

"तुम्हीच सांगितलं होतं."

त्यांनी हात काढला. मग ते दाजींच्या गाडीपाशी जाऊन खाली बसले, खिशातली पक्कड काढली आणि कटआउट तोडून वायर सरळ जोडून टाकली. टेप गुंडाळताना त्यांची मान वर झाली नाही. दाजींना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी स्वतःच्या जॅकेटची वायर उपटून खिशात कोंबली आणि घरात जाऊन दोन स्वेटर चढवून आले. एक जॅकेट त्या गाडीवर सहज चालत होतं. शोरूममधल्या पोराने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ते. मागे बसणाऱ्याला ते एक द्यायचं, पुढे बसणाऱ्याने स्वेटर घालायचे. एवढं सोपं होतं, आणि आम्ही दोघांनी मिळून ते होऊ दिलं नाही. त्यांनी हट्टाने, मी लाडाने.

छकू मागे बसली. मीच तिच्या बाहीची चेन लावायला पुढे झाले, पण तिने ती स्वतः लावली. दाजींनी इंजिन संथ चालू ठेवलं. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. थोड्या वेळाने तिने मान कॉलरमध्ये खाली घातली. खांदे सैल पडले.

"चटके बसतायत," ती म्हणाली.

"कमी कर मग," हे म्हणाले.

"नको," ती म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायलाही तिने हात वर केला नाही. मग दाजींनी गाडी बाहेर काढली. तिने आपल्या दादाला हात केला. मला केला नाही.

आम्ही दोघं अंगणात उरलो. ह्यांनी रीळ उचललं, पक्कड खिशात घातली, उगीच पुन्हा काढली. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर मी ऐकणार होते, उलट बोलणार नव्हते.

"आणखी कशाकशाला छान म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि तेच मला सोसवेना. एक खोटं मनात आलं होतं, "कशालाच नाही." तेही किती सहज आलं होतं.

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. गाडीपाशी जाऊन स्वतःची वायर काढली आणि माझी जोडली. "बस," म्हणाले. आम्ही दुकानाकडे निघालो. भर दुपारीही धुकं हटलं नव्हतं, चौकात गाड्या मुंगीच्या पावलांनी चालल्या होत्या. हिवाळाभरात पहिल्यांदा धुक्यात माझी पाठ तापली, मग छाती, मग मान. हातमोज्यांत बोटं हळूहळू मोकळी झाली. पुढे ह्यांची पाठ गार पडत गेली, ती मला माझ्या छातीला लागत होती. मी जवळ सरकले. त्यांनी अंग चोरलं नाही, मागेही रेलले नाहीत.

दुकानापाशी उतरलो. त्यांची बोटं इतकी आखडली होती की कुलपात किल्ली जाईना. मी किल्ली त्यांच्या हातातून घेतली आणि शटर उघडलं. आत गेल्यावर मला राहवलं नाही.

"आज छान ऊब आली हो," मी म्हणाले. "खरंच."

पडदा बाजूला सारून ते आपल्या बाकड्याशी गेले.

"असेल," ते म्हणाले.